वेढा आणि रसद
(क्लारा क्लेबोर्न पार्क ह्यांच्या 'द सीज' ह्या पुस्तकाच्या निमित्ताने)

१९६७ साली अमेरिकेत स्वमग्न मुलांविषयी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली आणि योगायोग असा, की दोन्ही पुस्तकांनी आपल्या नावासाठी एकच रूपक निवडले : किल्ल्याचे. पहिले, ब्रूनो बेटलहाइम ह्या त्या काळच्या नामवंत तज्ज्ञाचे 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला. दुसरे, क्लारा क्लेबोर्न पार्क ह्या इंग्रजीच्या शिक्षिकेचे 'द सीज', म्हणजे वेढा. पहिल्या पुस्तकाचा लेखक किल्ल्याबाहेर उभा राहून, मुलाला हा किल्ला कुणामुळे बांधावा लागला, ह्याचा निवाडा करतो. दुसऱ्या पुस्तकाची लेखिका त्याच किल्ल्याच्या तटाखाली तळ देऊन बसलेली आई आहे.

आमच्या वसईकर वाचकांस वेढा म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. १७३७ ते १७३९ ह्या वर्षांतील मोहिमेच्या कथा ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. तटाला सुरुंग लावणाऱ्यांची आणि शिडी चढणाऱ्यांची नावे इतिहासात येतात. पण वेढा टिकतो तो रसदीवर. धान्य, पाणी, दारूगोळा आणि थकलेल्या तुकडीच्या जागी येणारी ताज्या दमाची तुकडी, हे सारे मागून येत राहिले तरच पुढचा माणूस उभा राहतो. 'द सीज' हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले. पहिल्या वाचनात आम्हांस त्यात एक वीरमाता दिसली. दुसऱ्या वाचनात रसद दिसली. ह्या दोन वाचनांमध्ये काय घडले ते पुढे सांगूच. आधी पुस्तकांकडे वळू.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ह्या अवस्थेचे पहिले प्रसिद्ध वर्णन बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून केले. आज आपण तिला मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपण मानतो. अशा मुलाला इतरांशी संवाद साधणे अवघड जाते. तोच तो क्रम, तीच ती हालचाल त्याला हवी असते. आवाज, उजेड, स्पर्श, वास ह्यांचा त्याला आपल्याहून फार जास्त किंवा फार कमी बोध होतो. कुणी अजिबात बोलत नाही, तर कुणी अस्खलित बोलूनही समोरच्याच्या मनातले ओळखू शकत नाही. एक स्वमग्न मूल दुसऱ्यासारखे नसते. मराठीने ह्या अवस्थेला दिलेला शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे. 'स्वमग्न' म्हटले की डोळे मिटून आत्मानंदात बुडालेला कुणी योगी डोळ्यांपुढे येतो. मिस्सेच्या घंटेने कान झाकून किंचाळणारे मूल कसल्याही आनंदात बुडालेले नसते. जगाचा मारा त्याला असह्य झालेला असतो.

ह्या अवस्थेचे कारण शोधताना विद्वानांनी एका मोठ्या अन्यायाला जन्म दिला. खुद्द कॅनर ह्यांनी आरंभी वेगळेपण जन्मजात असल्याचे सुचवले होते. पुढे मात्र त्यांनीच ह्या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाकडे बोट दाखवले. त्यातूनच 'शीतपेटीसारखी आई' ही कल्पना रूढ झाली. बेटलहाइम ह्यांनी तिला शास्त्राचा डौल दिला. ते स्वतः १९३८-३९ मध्ये दाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत राहून आलेले. छावणीतील कैदी जसा आशा सोडून स्वतःत मिटून जातो, तसेच हे मूल आपल्याला नको असलेल्या जगापुढे मिटून जाते, अशी त्यांची उपमा. उपमा प्रभावी होती आणि तिच्यातच विष होते. मूल कैदी ठरले की घर छावणी ठरते, आणि मग आई कोण ठरते हे निराळे सांगावे लागत नाही. मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हाच उपाय, असा त्यांच्या उपचाराचा रोख होता.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. चुकीचे रूपक केवळ वाक्य बिघडवीत नाही, ते माणसांची आयुष्ये बिघडवते. एका उपमेच्या आधारे हजारो आयांना, तुमच्या मुलाच्या मौनाला तुम्हीच कारण आहात, असे पांढऱ्या कोटातील माणसांनी सांगितले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञही होते, ग्रंथ लिहून ह्या मताचा पाया उखडला होता. १९६९ मध्ये कॅनर ह्यांनी पालकांच्या सभेत उभे राहून आईवडिलांस जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर ह्यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. तरीही आपल्याकडे आजही एखादी आजेसासू किंवा शेजारीण, 'तू नोकरी केलीस म्हणून पोर बोलत नाही,' असे बोलून जाते. बेटलहाइमचे नावही तिने ऐकलेले नसते.

ह्या पार्श्वभूमीवर पार्कबाईंचे पुस्तक हातात घ्यावे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लहान महाविद्यालयीन गावात, वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, तीन मोठी शहाणी भावंडे, अशा घरात १९५८ साली चौथे मूल जन्मले. पुस्तकात तिचे नाव एली. आरंभीच आपल्याला दिसते ते जमिनीवरील एका ठिपक्याभोवती रांगत गोल गोल फिरणारे, स्वतःशीच हसणारे सुरेख बाळ. त्याला कुणी नको आहे, काही नको आहे. ते बोट दाखवीत नाही. काही हवे असले तर दुसऱ्याचा हात एखादे अवजार वापरावे तसा वापरते. ह्या मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची ही हकिकत.

पुस्तकाचे पहिले बळ त्याच्या निरीक्षणात आहे. पार्कबाई रडत नाहीत आणि वाचकालाही रडवीत नाहीत. एलीने आज काय केले, किती वेळा केले, काल ह्याच वेळी काय केले होते, हे त्या कारकुनाच्या चिकाटीने नोंदवतात आणि कवीच्या नेमकेपणाने लिहितात. मुलीने पेला हातात धरावा, नळ फिरवावा, पायरी चढावी ह्यासाठी महिनेच्या महिने केलेल्या लहान लहान युक्त्या वाचताना कंटाळा येत नाही; कारण प्रत्येक युक्तीमागे एक प्रश्न आहे : हिला येत नाही, की हिला नको आहे? ह्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर प्रकरणांच्या नावांतच दिसते. स्वेच्छेचे दौर्बल्य, स्वेच्छेचे अंधत्व, स्वेच्छेचे बधिरत्व, स्वेच्छेचा एकांतवास, अशा अर्थाची ही नावे आहेत.

पुस्तकाचा कमकुवत दुवाही नेमका येथेच आहे. 'स्वेच्छेचे' हे विशेषण आजचे ज्ञान स्वीकारीत नाही. ज्या मुलाच्या कानात हाकेचा आवाज पंख्याच्या घरघरीत हरवून जातो, ते मूल बहिरेपणाचे सोंग घेत नसते. बेटलहाइमशी भांडता भांडता पार्कबाईंनी त्याचा किल्ला मात्र तसाच ठेवला. फक्त तो बांधावयास लावणारी आई खोडून, तो घेणारी आई तिथे उभी केली. जिम सिंक्लेअर ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या लेखकाने १९९३ साली पालकांना उद्देशून केलेल्या भाषणात ह्याच मुळावर घाव घातला. स्वमग्नता ही भिंत नाही आणि तिच्यामागे कुणी 'साधारण' मूल लपून बसलेले नाही. जे मूल समोर आहे तेच तुमचे मूल, त्याच्यासाठी शोक करीत बसू नका, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. वेढ्याच्या शेवटी किल्ला पडतो आणि निशाण बदलते. एलीचे निशाण बदलले नाही. तिचे खरे नाव जेसी. ती मोठी झाली, तिने महाविद्यालयाच्या टपालखोलीत नोकरी केली, घरे, पूल आणि विजेच्या ब्लँकेटची बटणे अपूर्व रंगांत रंगवली आणि ती स्वमग्नच राहिली. पार्कबाईंचा मोठेपणा असा, की २००१ मध्ये 'एक्झिटिंग निर्वाणा' हे पुढचे पुस्तक लिहिताना त्यांनी किल्ल्याचे रूपक बाजूला ठेवले.

आता पहिल्या वाचनात आमच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टीकडे येतो. आणि त्यासाठी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू असताना सणाच्या मिस्सेला सातआठ वर्षांचा एक मुलगा आईसोबत पुढच्या बाकावर बसला होता. ध्वनिक्षेपक मोठा होता, गर्दी होती. प्रवचन चालू असताना त्याने दोन्ही कान दाबून एक दीर्घ, एकसुरी आवाज काढावयास सुरुवात केली. आम्ही बोलायचे थांबलो आणि तिकडे पाहिले. एवढेच. आम्ही काही बोललो नाही. पण व्यासपीठावरील माणसाने थांबून पाहणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या वेळी कळावयास हवे होते. तीनशे माना वळल्या. एक स्वयंसेवक उठला. त्याच्या पोचण्याआधीच ती माउली मुलाला उचलून बाजूच्या दाराने निघून गेली. त्यानंतर ती मिस्सेला दिसली नाही.

पुढे मातृदिनाच्या प्रवचनात आम्ही तिचे नाव न घेता तिची स्तुती केली. परमेश्वर विशेष मुलांसाठी विशेष आया निवडतो, असे आम्ही भावपूर्ण आवाजात म्हणालो. पुष्कळांचे डोळे पाणावले. ती तेथे नव्हती. काही आठवड्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा केला. मुलगा दारात पाण्याच्या पाइपाची धार बोटांतून सोडीत बसला होता. आमच्या प्रवचनाची वार्ता तिच्यापर्यंत पोचली होती. ती रागावली नव्हती, थकली होती. ती म्हणाली, "फादर, त्याला घेऊन आले तर मिस्सा होत नाही, आणि ठेवून यायचं तर कुणाजवळ ठेवू? मला विशेष आई म्हणू नका. रविवारी दोन तास ह्याला सांभाळणारं कुणी तरी द्या."

त्या रात्री आम्ही 'द सीज' पुन्हा उघडले.

बेटलहाइमने सारा दोष आईच्या माथी मारला होता, आणि आम्ही सारे पुण्य तिच्या पदरात टाकले होते. वरवर पाहता ही दोन टोके. पण दोहोंचा परिणाम एकच : मूल हे फक्त आईचे प्रकरण ठरते आणि आपण बाकीचे मोकळे होतो. निंदेने जसे माणसाला एकटे पाडता येते तसे स्तुतीनेही पाडता येते. किंबहुना स्तुतीने अधिक सोयीस्करपणे पाडता येते, कारण तिला पाणावलेल्या डोळ्यांची साथ मिळते.

दुसऱ्या वाचनात आम्हांस पुस्तकाच्या कडेकडेने वावरणारी माणसे दिसू लागली. अमेरिकेतील एका संस्थेत तपासणीसाठी गेलेल्या ह्या मातापित्यांस अलिप्त औपचारिकता अनुभवावी लागते. पुढे इंग्लंडच्या वास्तव्यात लंडनच्या हॅम्पस्टेड क्लिनिकमध्ये त्यांना आपुलकीने ऐकून घेणारी माणसे भेटतात. उपचाराच्या पद्धतीपेक्षा त्या आपुलकीनेच आईची कंबर सरळ केली, हे पानापानांतून जाणवते. व्यावसायिक तज्ज्ञ आणि हौशी पालक ह्यांविषयीचे विवेचन हा ह्या पुस्तकाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे असे आम्हांस वाटते. तज्ज्ञाला अनेक मुले ठाऊक असतात. आईला एकच, पण दिवसरात्र. दोघांनी एकमेकांना सहकारी मानले तरच मुलाचे काही होते. मोठी भावंडे खेळता खेळता धाकटीला शिकवतात. आणि त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी तरुण मुली त्या घरी येतात, राहतात, एलीच्या सोबत फिरतात, स्वयंपाक करतात. पुढल्या काळात एका ओळखीतून गोल्फच्या खेळात फटके मोजण्याचे लहानसे यंत्र घरात येते आणि त्यावर गुण मोजत ही आकड्यांवर प्रेम करणारी मुलगी कितीतरी नव्या गोष्टी शिकते. ह्यांतील एकही गोष्ट एकट्या आईच्या प्रेमातून निघालेली नाही. प्रत्येक गोष्ट दारातून आत आलेली आहे.

ही रसद. पार्कबाईंना ती मिळाली, कारण त्या सुशिक्षित होत्या, पती प्राध्यापक होते, गाव महाविद्यालयाचे होते. ह्याची जाणीव त्यांना होती. पण ज्या आईजवळ ह्यातले काहीच नाही, तिने काय करावे? 'द सीज' हा प्रश्न सोडवीत नाही, आणि एका घराची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकाकडून ती अपेक्षा धरणेही योग्य नव्हे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणारी एक कलाकृती आम्हांस अलीकडे पाहावयास मिळाली. ऑलिव्हिए नाकाश आणि एरिक तोलेदानो ह्या दिग्दर्शकद्वयाचा २०१९ चा फ्रेंच चित्रपट 'ओर नॉर्म', इंग्रजीत 'द स्पेशल्स'. पॅरिसच्या परिसरात स्तेफान बेन्हामू आणि दाऊद तातू ह्या दोघांनी चालवलेल्या प्रत्यक्ष कार्यावर तो बेतलेला आहे. चित्रपटातला ब्रूनो ज्यू आहे, मलिक मुसलमान. ब्रूनो रुग्णालयांनी आणि संस्थांनी नाकारलेल्या स्वमग्न किशोरांना आसरा देतो; मलिक गरीब वस्त्यांतील बेकार तरुणांना त्यांच्या सांभाळाचे शिक्षण देतो. दोघांच्या धर्मांविषयी चित्रपट एकही भाषण करीत नाही. ते एकत्र काम करतात, एवढेच आपण पाहतो, आणि तेवढे पुरते.

चित्रपटाची खरी मिळकत त्याच्या मापांत आहे. जोसेफ नावाचा तरुण गाडीत बसला की त्याला धोक्याची कळ ओढावीशी वाटते. त्याची प्रगती मोजली जाते ती कळ न ओढता तो किती पुढे गेला ह्यावर. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला हे माप लगेच ओळखू येईल. जोसेफची भूमिका करणारा बेंजामिन लेस्यूर स्वतः स्वमग्न आहे, त्यामुळे ह्या भूमिकेत नटवेपणाला जागाच राहिलेली नाही. व्हॅलेंटिन हा दुसरा मुलगा डोके आपटून घेतो म्हणून त्याला शिरस्त्राण घालावे लागते. त्याच्या सोबतीला दिलेला डिलन हा नवशिका तरुण उशिरा येतो, कंटाळतो. त्याचे क्षणभर दुर्लक्ष होते आणि मुलगा निसटून भर रहदारीच्या रस्त्यावर जातो. दिग्दर्शक त्या तरुणाला ना हाकलून देतात ना देवदूत करतात. तो पुन्हा कामावर येतो आणि शिकतो. सेवा शिकावी लागते, केवळ चांगुलपणाने येत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रसंग आमच्या पाहण्यात नाही.

तरीही ह्या चित्रपटाविरुद्ध आमची एक तक्रार आहे. ब्रूनोचा फोन कधी बंद होत नाही. तो जेवत नाही, झोपत नाही, लग्नासाठी कुणाला भेटावयास गेला तरी मध्येच उठून धावतो. प्रत्येक अडचणीवर, काहीतरी मार्ग निघेल, हे त्याचे पालुपद. आपल्याला तो आवडतो. पण पुस्तकातल्या वीरमातेच्या जागी येथे वीरपुरुष आला, एवढाच तर बदल झाला नाही ना? सरकारी तपासनीस त्याच्या संस्थेत परवाने आणि प्रमाणपत्रे मागत येतात तेव्हा प्रेक्षक त्यांच्यावर चिडतो. परंतु त्यांचा प्रश्न सर्वस्वी मूर्खपणाचा नाही. परवानगीवाचून, प्रशिक्षणावाचून, एका माणसाच्या जिवावर चाललेली सेवा तो माणूस आजारी पडला की थांबते. संतांवर अवलंबून असलेल्या रसदीचा भरवसा धरता येत नाही. पाळी लावून येणारी साधी माणसे हवीत.

आपल्या देशात ही रसद उभी करण्याचा प्रारंभ बहुतेक ठिकाणी पालकांनीच केला. इंग्लंडमध्ये १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली होती. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ ह्या मातेने 'अॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती ह्यांनी २००१ साली 'उम्मीद' हे बालविकास केंद्र स्थापले. गोव्यात डॉ. नंदिता डिसोझा ह्यांच्या पुढाकाराने 'सेतू' उभे राहिले. अशा केंद्रांत मुलाची लवकर पारख होते, वाचाउपचार आणि व्यवसायोपचार मिळतात आणि पालकांनाच शिकवले जाते, कारण आठवड्याचा एक तास उपचारकाचा आणि उरलेले सारे तास घराचे असतात.

कायदाही पुढे आला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेचा नावानिशी समावेश केला. ह्या न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आवश्यक वाटल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ह्या ओळी समीक्षेत शोभत नाहीत हे आम्ही जाणतो. पण हे अंक ज्या घरांत जातात त्यांतील एखाद्या घराला त्यांचा उपयोग होईल, म्हणून त्या येथे ठेवतो.

परंतु केंद्र शहरात असते आणि रविवार गावात असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. ह्या हिशेबाने पाच हजार वस्तीच्या धर्मग्रामात असे चाळीसच्या आसपास जण असावयास हवेत. आमच्या मिस्सेला त्यांतले किती दिसतात? दिसत नसतील तर ते कोठे आहेत? बाजूच्या दाराने बाहेर गेलेले आहेत.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये भरलेल्या स्वमग्नताविषयक परिषदेच्या वेळी अशा कुटुंबांना भेटून त्यांच्या एकटेपणाविषयी चिंता व्यक्त केली आणि समाजात व ख्रिस्तसभेत आधाराचे, सेवांचे जाळे विणण्याची गरज सांगितली. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर स्पष्टच केले आहे, की दिव्यांग व्यक्तीला संस्कार नाकारण्याचा अधिकार कुणासही नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात, 'तो शांत बसत नाही,' ह्या कारणावरून मूल घरी बसवणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, हे ध्यानात ठेवावे.

मार्कलिखित शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाला खाटेवरून घेऊन आलेल्या चौघांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत. दारात गर्दी होती म्हणून ते परत फिरले नाहीत. त्यांनी छप्पर उकलले. खाटेचा एक एक कोपरा एकेकाने धरला होता. एकट्या आईला ती खाट छपरावर नेता आली नसती, आणि तिच्या धैर्याची कितीही स्तुती केली असती तरी खाट तसूभर हलली नसती. कुरेनेच्या शिमोनाची गोष्ट तर आणखी सांत्वनाची आहे. तो स्वयंस्फूर्तीने आला नव्हता, त्याला धरून आणले होते. तरीही क्रूसाचे ओझे त्याने वाहिले, हे खरेच.

त्या मातेच्या दोन तासांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. थोडेसेच झाले. युवा मंडळातील तिघी आणि एक निवृत्त शिक्षक पाळीपाळीने तिच्या घरी जाऊ लागले. पहिले दोन महिने मुलाने त्यांना जवळ येऊ दिले नाही. एक जण सोडून गेली. उरलेल्यांना शहरातील एका उपचारिकेने येऊन काही गोष्टी शिकवल्या : आधी चित्र दाखवा, मग बोला, अचानक स्पर्श करू नका, पाण्याशी खेळतोय तर खेळू द्या. सकाळच्या पहिल्या मिस्सेला आम्ही ध्वनिक्षेपक कमी ठेवू लागलो आणि मागच्या दाराजवळचा एक बाक मोकळा ठेवला. एका रविवारी ती माता त्या बाकावर एकटी येऊन बसली. मुलगा घरी त्या शिक्षकांजवळ होता. ख्रिस्तप्रसादानंतर पाहिले तर तिला बसल्या जागी झोप लागली होती. आम्ही समाप्तीचे गीत त्या दिवशी हळू म्हणावयास सांगितले.

पार्कबाईंचे पुस्तक जुने झाले आहे. त्याचे शास्त्र जुने झाले, त्याचे रूपकही जुने झाले. तरी ते वाचावे, आणि वाचताना तटाखाली उभ्या असलेल्या आईकडे पाहून झाले की तिच्या मागच्या वाटेकडे पाहावे. त्या वाटेने कोण कोण येते आहे, आणि आपण त्यांत आहोत की नाही, हे तपासावे.